चौथ्या आणि पाचव्या स्थानकामध्ये

दुसरे स्थानक

अरितने पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतली आणि लगेच पुन्हा डाव्यावर घेतली. आतली सुकटीची पूड एकात एक घातलेल्या पिशव्यांमध्ये होती, तोंडाला दोरा करकचून बांधला होता, तरी वास सुटलाच होता.

"विमानात वास, हॉटेलात वास," मायेन म्हणाली. "आता प्रभूला जिथे फटके मारले त्या अंगणातही तोच वास. देवदूतांना सूप करून घालणार आहेस का?"

मायेन तिची जोडीदारीण. गावाहून, ओरोनहून, निघताना प्रत्येक यात्रेकरूला एक जोडीदार नेमून दिला होता. जोडीदार नजरेआड झाला तर जाब दुसऱ्याने द्यायचा. न्हाणीघरात गेले तरी दाराबाहेर उभे राहायचे. मायेन हे काम इतके मनापासून करीत होती, की काल रात्री अरितने कूस बदलली तेव्हाही ती अंधारातून म्हणाली होती, कुठे निघालीस.

प्रभू क्रूस घेऊन गेला त्या वाटेवर अशी चौदा स्थानके होती, प्रार्थनेला थांबायच्या जागा. पुढे भिंतीला क्रूस टेकवून ठेवला होता. दुकानातून भाड्याने आणलेला, देशोदेशीच्या तळव्यांनी घासून गुळगुळीत केलेला. पुढे एक, मागे एक असे दोघांनी तो उचलायचा, आणि एल्डर सांगतील तेव्हा माणसे बदलायची. सगळ्या पुरुषांच्या डोक्यांवर सारख्या निळ्या टोप्या, सगळ्या बायकांना सारखे निळे रुमाल, प्रत्येकावर त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचे नाव छापलेले. आणि सगळ्यांच्या पुढे मंडळीचे प्रमुख, एल्डर इन्यांग. उंच, ताठ, छातीवर चामड्याची पिशवी. तिच्यात सगळ्यांचे पासपोर्ट होते. विमानतळावर उतरताच त्यांनी ते गोळा केले होते, आणि ती पिशवी ते झोपतानाही काढत नाहीत अशी बोलवा होती.

तीन वर्षांपूर्वी ते अशी पिशवी बाळगत नव्हते. तीन वर्षांपूर्वी याच मंडळीबरोबर अरितचा मुलगा उदेमे आला होता, आणि एका सकाळी न्याहारीच्या टेबलावर त्याची खुर्ची रिकामी राहिली होती. तो परत येईल याला जामीन एल्डर इन्यांग राहिले होते. शाळेत त्याला त्यांनीच शिकवले होते.

मुलगा या देशातच राहिला. कागद नाहीत, काही नाही.

आणि आज तो चौथ्या स्थानकापाशी उभा राहणार होता.


पहिले स्थानक, जे आधी सांगायचे राहिले

पहिल्या स्थानकावर एल्डरांनी क्रूस कोणी कोणी उचलायचा ते सांगितले. डीकन असुक्वो आणि त्यांचा मेहुणा. मग गायकमंडळातले दोघे. मग बायका, जोडीजोडीने. नावे त्यांना तोंडपाठ होती. अरितचे नाव आले नाही. त्यामुळे मायेनचेही आले नाही, आणि मायेनने तोंडातल्या तोंडात असे काहीतरी म्हटले, जे त्या जागी कोणी म्हणू नये.

नावे संपल्यावर एल्डर म्हणाले, "माझा एक विद्यार्थी या शहरात आहे असं ऐकतो. तो मला दिसला, तर समोर येईल त्या पोलिसाच्या हातात मी त्याला स्वतः देणार आहे. मध्ये कोणी रडत यायचं नाही."

सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिले.

त्यांनी अरितकडे पाहिले नव्हते. ते तिच्याकडे पाहतच नसत. बोलायची वेळ आली तर "मादाम अरित" म्हणत. त्यांच्या मंडळीत बाईला तिच्या नावाने कोणी हाक मारीत नाही. पहिले मूल झाले की ती त्या मुलाची आई होते, आणि मरेपर्यंत तीच राहते. अरित पंचवीस वर्षे उदेमेची आई होती. मग एका रविवारी एल्डरांनी तिला "मादाम अरित" म्हटले, बाहेरगावाहून आलेल्या सरकारी बाईला म्हणावे तसे, अगदी अदबीने, आणि पुढच्या रविवारपर्यंत सगळी मंडळी तसेच म्हणू लागली. मायेन नुसते "अरित" म्हणे. त्यातल्या त्यात ते बरे होते.

त्यांचा राग लहान नव्हता. उदेमेपायी त्यांना राजधानीत बोलावून घेतले होते, दिवसभर बाकड्यावर बसवून ठेवले होते, ज्या अधिकाऱ्यांना कधी काळी त्यांनी पाढे शिकवले त्यांच्याच दाराबाहेर. मंडळीला सरकारकडून मिळणाऱ्या यात्रेच्या जागा दोन वर्षे बंद झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या बायकोची, अफियोंगची जागा होती. तिने कापड घेऊन ठेवले होते. जागा पुन्हा सुरू होईपर्यंत अफियोंग राहिली नाही.

हे सगळे अरितला मान्य होते. एल्डरांच्या जागी ती असती तर तिनेही हेच बोलून दाखवले असते. कदाचित बुटांकडे बघायलाही सवड दिली नसती.


तिसरे स्थानक

इथे रस्ता डावीकडे वळतो. वळणावर लोखंडी कठड्याला टेकून दोन पोलीस उभे होते. तरुण, कंटाळलेले. येणाऱ्या जथ्यांकडे ते बघतही नव्हते. टोप्या आणि रुमाल सारखे असले की त्यांची नजर त्यांवरून घसरून पुढे जाई. पण एक एकटा माणूस गेला, तेव्हा एकाने नुसते बोट हलवले. त्या माणसाने खिशातून कागद काढून दाखवला.



फोनवर उदेमे म्हणाला होता, "हॉटेलवर नको, बसपाशी नको. चौथं स्थानक. तिथे एक बंद दुकान आहे, हिरव्या फळ्यांचं. मी उभा असेन. तू बघ, मी बघतो. थांबू नकोस, हाक मारू नकोस."

"आणि पूड?"

"पूड राहू दे, आई."

तिला पुडीपेक्षा दुसरेच काही हवे होते. तिला तो आख्खा बघायचा होता. तो गेल्यापासून फोनवर त्याचा नुसता आवाज येई. कॅमेरा बिघडलाय, म्हणे. बायका बोलत, की कॅमेरा बिघडलेली मुले तुरुंगात असतात, किंवा अंथरुणाला खिळलेली असतात, किंवा त्यांचा आवाज काढून दुसरेच कोणी पैसे मागत असते. उदेमेने पैसे कधी मागितले नव्हते. उलट तोच पाठवत असे. ते तर तिला अधिकच भिववीत असे.

न थांबता बघण्याचा तिने हॉटेलच्या खोलीत सराव केला होता. कपाटापासून खिडकीपर्यंत चालत जायचे, मधल्या खुर्चीवर तो आहे असे समजायचे, डोके न वळवता त्याला पायांपासून डोक्यापर्यंत बघून घ्यायचे. मायेनने विचारले, हे काय चालवले आहेस. पाय मोकळे करते, असे तिने सांगितले.

"गा," एल्डर पुढून म्हणाले, आणि सगळे गाऊ लागले.


चौथे स्थानक

तो होता.

आधी एवढेच कळले. मग कळले की दाढी आहे. मग, की अंगात कोणा जाड माणसाचे जाकीट आहे. दोन पाय आहेत. बूट बरे आहेत. डावा हात खिशात. डोळे त्याचेच.

ती चालत राहिली. गाणे तोंडात होते आणि शब्द बरोबर पडत होते, याचे तिला नंतर नवल वाटले. तिने डोके वळवले नाही. हिरव्या फळ्या जवळ आल्या, बाजूला आल्या. त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. लहानपणी खोटे पकडले गेले की हलायचा तसा.

"तो बघ," मायेन अगदी हळू म्हणाली. "मेलीने चौथ्या स्थानकाचा सराव चालवला होता कपाटापुढे."

आणि तेवढ्यात मागून आवाज आला. "कागद."

पोलीस कठडा सोडून जथ्याच्या मागोमाग गल्लीत शिरले होते. गल्ली अरुंद, पुढे निळ्या टोप्यांनी भरलेली, मागे दुसऱ्या देशाचा जथा वळणावर येऊन अडकलेला. उदेमेला पुढे जायला वाट नव्हती आणि मागे जायला पोलीस होते. पोलिसाने बोट त्याच्याकडेच केले होते. उदेमेने उजव्या हाताने एक खिसा चाचपला, ज्यात काही नव्हते हे अरितला इतक्या लांबून समजले.

पुढचे गाणे तुटले, मग मधले, मग मागचे. एल्डर इन्यांग थांबून वळले होते. त्यांनी पाहिले होते.


चौथ्या आणि पाचव्यामध्ये

इथे स्थानक नाही. नुसती भिंत, पाण्याचा पाइप आणि हिरव्या फळ्या.

एल्डर जथ्यातून उलटे चालत आले. माणसे आपोआप बाजूला झाली. अरित मात्र झाली नाही. तिने त्यांच्या बाहीला हात घातला. त्यांच्या मंडळीत कोणत्याही बाईने कोणत्याही एल्डरच्या बाहीला कधी हात घातला नव्हता, आणि डीकन असुक्वोंच्या तोंडून नुसताच श्वास बाहेर पडला.

"एल्डर."

"सोडा."

"तो फक्त मला बघायला..."

"मादाम अरित, बाही सोडा."

तिने सोडली. हे ती पुढे पुष्कळ दिवस विसरणार नव्हती, की म्हटल्याबरोबर आपण सोडली.

हा माणूस खोटे बोलत नाही हे तिला माहीत होते. सगळ्या ओरोनला माहीत होते. शाळा तपासायला साहेब आला तेव्हा गावाने घोकून घेतलेले उत्तर बाजूला ठेवून त्यांनी खरे तेच सांगितले होते, आणि शाळेचे अनुदान गेले होते. पोलीस आता त्यांना काय विचारेल आणि ते काय सांगतील, हे तिला ऐकू येत असल्यासारखे स्पष्ट होते.

एल्डर उदेमेसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. न्यायाधीशापुढे काढतात तशी काढली असे तिला वाटले. पण त्यांनी ती उदेमेच्या डोक्यावर ठेवली आणि भुवयांपर्यंत खाली ओढली. शाळेच्या फोटोआधी पोरांच्या टोप्या ओढायचे, तशीच.

मग डीकन असुक्वोंकडे न बघता म्हणाले, "इकडे आणा."

डीकन क्रूस घेऊन चार पावले मागे आले. एल्डरांनी पुढचे टोक त्यांच्या खांद्यावरून उचलले.

"ए, तू," ते उदेमेला म्हणाले. "बघत काय उभा राहिलास? धर. दोन्ही हातांनी."

उदेमे हलला नाही.

"दोन्ही हातांनी म्हटलं मी."

डावा हात खिशातून बाहेर आला. त्याला अंगठा होता आणि करंगळी होती. मधली जागा सपाट होती, कातडी गुलाबी आणि चकचकीत. त्या दोन बोटांचा आकडा करून त्याने लाकूड धरले.

एल्डरांनी तो हात पाहिला. लाकूड त्याच्या खांद्यावर जरा आत सरकवून दिले, इतकेच.

पोलीस जवळ आला. "हा तुमच्यातला?"

अरितने डोळे मिटून घेतले. मायेनने तिचे मनगट पकडले, ती पळून जाऊ नये म्हणून की पडू नये म्हणून, कोण जाणे.

"क्रूस आमचा आहे," एल्डर म्हणाले. "आणि तो याच्या खांद्यावर आहे."

पोलिसाने टोपी पाहिली. एल्डरांचे उघडे टक्कल पाहिले, छातीवरची फुगलेली पिशवी पाहिली. मागे अडकलेल्या जथ्याने आता गाण्याऐवजी ओरडायला सुरुवात केली होती. त्याने हात हलवला. चला, चला.

"गा," एल्डर म्हणाले.

कोणालाच सूर सापडेना. शेवटी मायेननेच भलत्या पट्टीत सुरुवात केली आणि सगळे तिच्या मागे धावले.


पाचवे स्थानक

इथे शिमोन कुरेनेकराचा उतारा वाचायचा असतो. रानातून येणाऱ्या त्या माणसाला सैनिकांनी धरले आणि क्रूस उचलायला लावला, तो. एल्डरांनी पुस्तक उघडले नाही.

"इथलं सगळ्यांना पाठ आहे," ते म्हणाले आणि चढणीकडे वळले.

कोपऱ्यावरच्या भिंतीत एक खोलगट दगड आहे. प्रभूने तिथे हात टेकला असे म्हणतात, म्हणून सगळे आपला तळवा त्यात ठेवून पुढे जातात. मायेनने तळवा ठेवला, मग रुमाल घासला, मग अरितला कोपराने ढोसले.

"जा पुढे."

"जोडीने राहायचं आहे ना."

"माझा गुडघा दुखतोय. मी काही तुझ्याबरोबर धावणार नाही. इथून दिसतेस की मला. जा म्हटलं ना."


सहावे स्थानक

चढ. पायऱ्या रुंद आणि ओलसर. क्रूसाच्या बाजूने एका माणसापुरतीच जागा होती.

"कॅमेरा बिघडलाय म्हणत होतास," अरित म्हणाली.

"हो."

"तीन वर्षं."

"दोन. आधी खरंच बिघडला होता."

अरितची नजर त्याच्या डाव्या हातावर गेली.

"कशात गेली?"

"पाव कापायच्या मशीनमध्ये. आता दुखत नाही."

"जेवतोस कशाने?"

"तोंडाने, आई."

भर रस्त्यात, मंडळीसमोर, क्रूसाखाली असलेल्या मुलाच्या पाठीत धपाटा घालायला तिचा हात उचलला गेला. तो तिने आपल्याच रुमालाची गाठ नीट करायला वळवला.

"पूड आणलीय," ती म्हणाली.

"वासावरूनच कळलं. तू वळणावर यायच्या आधीच."

पुढे चालणारे एल्डर मागे न बघता म्हणाले, "पायरी आहे. मागे असुक्वोचा मेहुणा आहे, त्याला दम लागतो. जपून चढ."

"हो, सर," उदेमे म्हणाला. शाळेतला आवाज आपसूक आला होता.

एक प्रश्न तिने ओरोनपासून जपून आणला होता. घरी कधी येणार. प्रत्येक पायरीला तो घशाशी येत होता. लाकडावरच्या त्या दोन बोटांकडे ती बघे, आणि तो पुन्हा खाली जाई. असे करीत चढ संपला, आणि प्रश्न होता तिथेच राहिला.


सातवे स्थानक

हा बाजार आहे. मसाल्यांच्या राशी, लोंबणारे कपडे, हातगाडीवाल्यांची आरडाओरड. इथून वाटा फुटतात. एल्डरांनी क्रूस उतरवायला सांगितला. मग उदेमेपुढे हात केला.

"टोपी."

उदेमेने टोपी काढून दिली. एल्डरांनी तिची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"सर, काकूंचं आईने सांगितलं मला."

एल्डर घडीकडे बघत होते. "तिचा रुमाल मी काल यार्देन नदीत भिजवला," ते म्हणाले. "बसमध्ये वाळत टाकलाय. वाळत नाहीये."

एल्डरांनी टोपीची घडी मुठीत आवळली.

"मी तुला माफ केलेलं नाही."

"हो, सर."

"नीट ऐकलंस ना?"

"ऐकलं, सर."

"मग जा."

अरितने पुडीची पिशवी त्या जाड जाकिटाच्या आत कोंबली आणि चेन वर ओढून दिली, थेट हनुवटीपर्यंत. तो तिच्याकडे झुकला. तिने त्याच्या डाव्या हाताचा अंगठा एकदा घट्ट धरला. मग तिनेच ढकलले.

एल्डर त्यांच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी छातीवरची पिशवी उघडली होती आणि ते पासपोर्ट मोजत होते. एक एक काढून, अगदी सावकाश. मोजताना ओठ हलत नव्हते. ते पाहून डीकन असुक्वो पुढे झाले आणि त्यांनीही पिशवीत डोके घातले, मग त्यांच्या मेहुण्याने. मायेन एकाएकी दालचिनीचा भाव विचारू लागली, इतक्या मोठ्याने, की बायका तिच्याभोवती गोळा झाल्या.

उदेमे कोणत्या वाटेने गेला ते फक्त त्याच्या आईने पाहिले.


आठवे स्थानक

क्रूस भिंतीला टेकून होता. डीकन असुक्वो सवयीने त्याचे पुढचे टोक उचलायला वाकले.

"थांबा," एल्डर म्हणाले.

त्यांनी टोपी अजून घातली नव्हती. ती हातातच होती. ते बायकांच्या रांगेकडे वळले. ते तिच्याकडे बघत नाहीत याची अरितला इतकी पक्की सवय होती, की ते कोणाला शोधताहेत म्हणून तिनेही मागे वळून पाहिले.

"उदेमेची आई," एल्डर म्हणाले, "तुम्ही या पुढे."

मायेन आधीच मागचे टोक पकडायला निघाली होती, आणि गुडघ्याचे काय झाले असे कोणीतरी विचारल्यावर म्हणाली, की गुडघा पाचव्या स्थानकावरच राहिला.

पिशवी आता रिकामी होती. तरी उदेमेच्या आईने ती डाव्या खांद्यावरून काढून उजव्या खांद्यावर घेतली, आणि डावा खांदा लाकडाखाली दिला.